महिन्याला ६०-७० किलो कॉफी रोस्ट करतो, पॅकिंग बाहेर द्यावं का?

कोथरूडचा_रोस्टर
नमस्कार मंडळी. मी आणि बायको मिळून कॉफी रोस्ट करतो, ग्रीन बीन्स (न भाजलेल्या कॉफीच्या बिया) चिकमगळूरहून येतात. अर्धा माल किलोच्या पाऊचमध्ये कॅफेवाल्यांना जातो, बाकी २५० ग्रॅमचे पाऊच ऑनलाइन. रोस्टिंगला लागत नाही एवढा वेळ वजन करा, भरा, सील करा, स्टिकर लावा यात जातो आणि रात्रीचे बारा वाजतात. त्यात आता लोक ड्रिप बॅग (कपावर अडकवून गरम पाणी ओतायची एका कपाची फिल्टर पिशवी) पण मागायला लागलेत. एका पॅकरला विचारलं तर म्हणे छापील पाऊच हवे तर प्रत्येक डिझाइनचे दहा हजार नग घ्या, छपाईच्या सिलिंडरचे पैसे वेगळे. आमच्याकडे चार प्रकारची कॉफी, म्हणजे चाळीस हजार पाऊच ठेवू कुठे, पलंगाखाली? बजेट तंग आहे. कोणी बाहेर करून घेतंय का, परवडतं का?

ठाणेकर_फिल्टरवाला
दादा, सिलिंडरच्या नादी लागूच नका. ग्रॅव्ह्युअर प्रिंटिंगला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, म्हणून ते लोक हजारोंच्या खाली बोलतच नाहीत. व्हॉल्व्ह (आतला गॅस बाहेर सोडणारी एकतर्फी झडप) आणि झिपवाले प्लेन मॅट काळे पाऊच घ्या आणि वर स्टिकर लावा, चारही कॉफींना तोच पाऊच चालतो. पुण्यातच बोहरी आळीच्या बाजारात एक चक्कर मारा, आधी सॅम्पल मागा. डिजिटल प्रिंटिंगला सिलिंडर लागत नाही, कमी नग मिळतात पण नगामागे महाग पडतं, दिवाळीच्या गिफ्ट पॅकपुरतं ठीक. आणि ते तपकिरी कागदी खिडकीवाले पाऊच दिसतात झकास, पण खिडकीतून उजेड जातो, बऱ्याच पाऊचना आत फॉइल नसतं, आपल्या पावसाळ्यात त्यात कॉफी ठेवायची म्हणजे कठीण आहे.

नाशिकची_कॉफीवाली
माझं मत: बीन्स घरीच भरा, ड्रिप बॅग मात्र बाहेर द्या. ड्रिप बॅगला दळणं, दहा-बारा ग्रॅम मोजून फिल्टरमध्ये भरणं, बाहेरचं पाकीट नायट्रोजन मारून सील करणं हे सगळं एका लाइनवर होतं, ते मशीन आपल्या बजेटमध्ये बसत नाही. पण पॅकरला एक प्रश्न नक्की विचारा, रोस्ट झाल्यावर किती दिवसांनी भरणार? ताज्या कॉफीतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, बीन्सच्या पाऊचला व्हॉल्व्ह असतो म्हणून भागतं, ड्रिप बॅगच्या पाकिटाला तो नसतो. आमच्या आधीच्या पॅकरने घाईघाईत ताजा माल दळून लगेच भरला, चार दिवसांत पाकिटं पुरीसारखी टम्म फुगली, काहींचं सीलच उघडलं, वर तो आम्हालाच म्हणतो तुमच्या बीन्समध्ये दोष आहे. उलट दळून जास्त दिवस ठेवली तर वास उडून जातो. म्हणून बीन्स आधी तसेच थोडे दिवस मुरू द्यायचे आणि दळलं की त्याच दिवशी भरायचं.

भिवंडी_गोडाऊन
मी थोडं वेगळं सांगतो, ताई. आम्ही बीन्सपण बाहेर देतो कारण रात्री बारापर्यंत सील मारण्यापेक्षा ते दोन तास कॅफेवाल्यांना फोन करण्यात घातले तर धंदा वाढतो. फक्त सगळं लेखी ठेवा. एक किलो ग्रीनमधून रोस्ट झाल्यावर साधारण ८५० ग्रॅमच हातात येतात, त्यात पॅकरने अजून घट लावली तर तुमचं मार्जिन तिथेच संपलं, त्यामुळे घट किती टक्के मान्य आणि उरलेला माल परत येणार का हे आधीच ठरवा.

दुसरं म्हणजे सील. पहिल्या लॉटमधले चार-पाच पाऊच उचलून बादलीतल्या पाण्यात सीलची बाजू बुडवून दाबा, बुडबुडे आले की लॉट परत. गळती बहुतेक घडीच्या कोपऱ्यात असते, तिथे फॉइलचे चार थर दोन थरांना भेटतात आणि हातसीलरची उष्णता आतपर्यंत पोचत नाही, किंवा सीलच्या रेषेत कॉफीचं साल अडकलेलं असतं. व्हॉल्व्ह बुडवू नका, तिथून हवा निघणारच, त्यासाठीच तो आहे.

वजनमापे_वाचलेला
लेबलकडे बघा आधी. पॅकर वेगळा असेल तर तुमचा एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) लायसन्स नंबर आणि पत्ता तर हवाच, शिवाय पॅकरचाही नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर हवा. त्याच्या लायसन्सची कॉपी मागा, त्यात रिपॅकिंग आहे का बघा. एमआरपी, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हे तर लागतंच, पण एका ग्रॅमची किंमत लिहायचं लोक विसरतात, म्हणजे २५० ग्रॅम ५०० रुपयांना असेल तर ग्रॅमला २ रुपये असं छापायचं. चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) घालत असाल तर तिचं प्रमाण लेबलवर आलंच पाहिजे.

कोथरूडचा_रोस्टर
चिकोरी नाही घालत. मग असं करतो, ड्रिप बॅग बाहेर, २५० ग्रॅम घरीच. किलोच्या कॅफे पाऊचला झिप लागते का?

ठाणेकर_फिल्टरवाला
अजिबात नाही. कॅफेवाला पाऊच फोडून थेट ग्राइंडरच्या हॉपरमध्ये ओततो. व्हॉल्व्हवाला साधा पाऊच घ्या, झिपचे पैसे वाचवा, आणि त्या पैशात घरी एक बँड सीलर (पाऊच पट्ट्यावरून सरकवत सील मारणारं मशीन) बघा, सेकंडहँड पण मिळतो.