लहान मुलांना घेऊन गराज सेलला कसं जायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात राहतो. येऊन दीड वर्ष झालं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा या महिनाअखेर तीन पूर्ण करेल. सध्या सासू-सासरेही आलेत. शेजारच्या वसाहतीत येत्या शनिवारी सगळ्या गल्ल्यांचा मिळून गराज सेल (घरातलं जुनं सामान दारात मांडून विकणं) आहे. जायचं सगळ्यांनाच आहे, पण मागच्या शनिवारचा तमाशा पुन्हा नको, म्हणून हा धागा.

मागच्या शनिवारी आठला निघायचं ठरलं होतं. पोहे, डबे, मुलाचा न सापडणारा एक बूट यात साडेनऊ वाजले. पहिल्याच घरी ड्राइव्हवेवर पायांनी ढकलायची प्लास्टिकची गाडी उभी होती. चिरंजीव त्यात बसले ते बसलेच. वीस मिनिटं मनधरणी करून शेवटी नवरा म्हणाला, घेऊन टाकू. किंमत विचारली तर कळलं, गाडी विकायची नव्हतीच. त्या घरातल्या मुलाची होती, आणि तो बिचारा दारात उभा राहून सगळं बघत होता.

पुढे सायकल. आम्हाला मुलीसाठी हवीच होती. पंधराची चिठ्ठी, मी दहाला मागत होते, आजोबा विरघळायच्या बेतात होते. तेवढ्यात कन्येने खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "आई, पण तुझ्या पर्समध्ये वीस डॉलर आहेत, मी पाहिलेत!" पंधराला घेतली. घरी आल्यावर कळलं की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

सासरे मात्र खूष. पुण्यात ते जुन्या बाजारात नेमाने चक्कर मारणारे. त्यांनी चार डॉलरला काटेवाला जुना रेडिओ घेतला. सासूबाई आधी "लोकांनी वापरलेलं आपण का आणायचं?" म्हणत होत्या. ज्यांनी आयुष्यभर जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेली घेतली, त्या किती वेळ गप्प बसणार? तिसऱ्या घरी सहा काचेच्या वाट्या अडीचच्या दीडला आणल्या, तेही इंग्रजी न येता.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मी दहा डॉलरला मुलाला गाडीत बसवायची एक कारसीटही घेतली, दुसऱ्या गाडीत ठेवायला. दिसायला कोरी. घरी उलटी केली तर खाली शिक्का, अमुक तारखेनंतर वापरू नये. ती तारीख दोन वर्षांपूर्वीच गेलेली. नवरा म्हणतो, प्लास्टिकला कसली एक्स्पायरी, हा धंदा आहे कंपन्यांचा. मला झोप नाही.

तर विचारायचं हे, की कारसीटचं काय करू? मुलांसाठीच्या कोणत्या वस्तू जुन्या घ्यायच्याच नाहीत? आणि तीन वर्षांच्या मुलाला घेऊन हा प्रकार जमतो का, की त्याला घरीच ठेवावं? शूचा प्रश्नही आहे. मागच्या वेळी लायब्ररी गाठेपर्यंत जीव मुठीत होता.

आळूवडी
तुम्ही साडेनऊला निघालात तिथेच अर्धी बाजी गेली. चांगलं लाकडी सामान पहिल्या तासात जातं, आणि भाव पडतात शेवटच्या तासात. मुलं बरोबर असताना दोन्हींची हाव धरू नका. आम्ही दोन तुकड्या करतो. एक जण आठला एकटा, मोजायची टेप आणि फोन घेऊन. बाकीची वरात दहाला. वसाहतीचा सेल असला की गाडी एकदाच लावायची आणि पायी फिरायचं. चाकांची ओढगाडी न्या. जाताना त्यात मुलगा, येताना सामान. (उलटंही होतं. मग मुलगा कडेवर.)
सुटे पैसे हवेतच. एकेकच्या नोटा आणि क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी). मोठी नोट पर्समध्ये नको, कन्येने का ते सांगितलंच आहे.

रिकामी_बरणी
कारसीट वापरू नका. नवऱ्यांना सांगा, गाडी उन्हाथंडीत उभी राहून प्लास्टिक कमकुवत होतं, नियमही बदलत जातात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ती सीट एखाद्या अपघातातून गेली आहे का हे बाहेरून दिसत नाही. तारीख उलटली नसली तरी अनोळखी माणसाकडून घेऊ नये. टाकतानाही पट्टे कापा आणि मार्करने मोठ्या अक्षरात 'वापरू नका' असं लिहा, नाहीतर कचऱ्याजवळून कुणीतरी उचलून नेईल. टार्गेटच्या दुकानात अधूनमधून जुनी सीट जमा करून नव्या खरेदीवर सवलत देतात, मुदत संपलेलीही घेतात. तोवर गराजमध्ये ठेवा.
हेल्मेटचंही तेच, एकदा आपटलेलं हेल्मेट निकामी आणि वरून कळत नाही. कुणी बाळासाठी वाचत असेल तर, एक बाजू खाली सरकणारे पाळणे इथे २०११ च्या जूनपासून विकायलाच बंदी आहे, तरी लोकांच्या माळ्यावरून ते अजून खाली येतात. परत मागवलेल्या वस्तू विकणं गराज सेलमध्येही बेकायदा आहे, पण तपासतंय कोण? सीपीएससीच्या (ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षा बघणारी इथली सरकारी संस्था) साइटवर मॉडेल नंबर टाकून जागेवरच बघा.
रंगवलेलं जुनं लाकूड, विशेषतः १९७८ च्या आधीचं, मुलांच्या खोलीत नको, रंगात शिसं असू शकतं. ड्रॉवरचं कपाट घेतलंत तर आधी भिंतीला बांधा, मग कपडे भरा. आणि टॉयलेट पेपरची रिकामी नळी खिशात ठेवा. जी वस्तू तिच्यातून आत जाते, ती धाकट्याच्या हाती द्यायची नाही, घशात अडकेल.

उकडीचे_मोदक
माझं मत वेगळं. तीन वर्षांच्या मुलाला कशाला न्यायचं? त्याच्या दृष्टीने ते खेळण्यांचं दुकान, आणि आपण सतत हात लावू नको म्हणत राहायचं. आजीजवळ ठेवा.

आळूवडी
आजीला विचारलंत का, ती थांबणार आहे का ते? वाट्या दीडला आणणारी बाई घरी बसणार नाही.

सुट्टे_पैसे
मुलीला गप्प करू नका, तिलाच सौदा करू द्या. दोन डॉलरची क्वार्टर छोट्या पर्समध्ये द्या आणि सांगा, संपली की संपली. आमची लेक पहिल्या दोन घरांतच सगळे उडवायची. तिसऱ्या घरी रडली. पुढच्या आठवड्यात मात्र आधी चार घरं नुसती बघून आली. सहा वर्षांची पोर "थोडं कमी कराल का?" विचारते तेव्हा समोरचे आजी-आजोबा बहुधा फुकटच देतात, हा भाग वेगळा.
धाकट्याला काम द्या. आमचा चिठ्ठ्यांवरचे आकडे वाचायचा. विकायला नसलेल्या वस्तूंबद्दल एक युक्ती, ड्राइव्हवेत शिरण्याआधी विचारायचं, टेबलाबाहेरचं काय काय विकायचंय?
सायकल परत विका, खालच्या आकाराची बघा. मूल वाढेल म्हणून मोठी घेऊ नये, पाय टेकत नसतील तर मूल सायकलला घाबरतं.
आणि मऊ खेळणी आणलीत तर घरात नेण्याआधी ड्रायरमध्ये अर्धा तास कडक तापमानावर फिरवा, ढेकणांसाठी. शिवणींत काळे ठिपके दिसले तर तिथेच ठेवून या.

धागालेखिका
सगळ्यांचे आभार. कारसीटचे पट्टे काल नवऱ्यानेच कापले, न बोलता.
शनिवारचा वृत्तांत: नवरा आठला गेला, सोळा इंची सायकल बारा डॉलरला घेऊन आला. आम्ही दहाला, ओढगाडीसह. पॉटी गाडीच्या डिकीत, लायब्ररीचा धावा टळला. कन्येने पावणेदोन डॉलरचं काय घेतलं? दुसऱ्या मुलीच्या स्टॉलवरचं लिंबू सरबत, दोनदा. उरलेल्या क्वार्टरमध्ये भावासाठी एक आकड्यांचं पुस्तक, चित्रं खरडलेलं. मुलगा दोनदा बसला, एकदा खऱ्याच विकायच्या लॉनमोवरवर. सासूबाईंनी ब्रेड मशीन घेतलं, आतलं पातं नाही असं घरी कळलं. ते वेगळं मिळतं का, कुणाला माहीत आहे?

आणि सासरे तो रेडिओ पुण्याला न्यायचा म्हणतात. इथला आहे, १२० व्होल्टचा. तिकडे सरळ लावला तर जळेलच ना?

रिकामी_बरणी
जळेल. मोठ्या दुकानातून व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, २३० चे १२० करणारा. एफएम दोन्हीकडे साधारण एकाच पट्ट्यात असतं आणि काटेवाला असल्यामुळे स्टेशनं लागतील. मशीनच्या पात्यासाठी मागचा मॉडेल नंबर इथे टाका.