श्रेय देवाला आणि चूक मात्र आमची?

रात्रपाळी:
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. मध्यंतरी एक रुग्ण अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, नळीत साठलेला कफ ओढून काढणे आणि औषधाच्या पंपांवर लक्ष ठेवणे ही कामे आम्ही तिघी आळीपाळीने करत होतो. तो घरी निघाला त्या दिवशी नातेवाईक म्हणाले, "देवानेच वाचवले, बाकी सगळे निमित्तमात्र." देवाबद्दल माझी तक्रार नाही, मीही रोज हात जोडते. मात्र त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दगावला, तेव्हा कोणालाही देव आठवला नाही. रात्री ड्यूटीवर कोण होते आणि किती वाजताची नोंद कोणी केली, एवढेच विचारले गेले. हा हिशेब कसा लावायचा?

अनुस्वार:
मी श्रद्धाळू आहे, म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो. अकरा दिवस बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते, आणि भीती ओसरल्यावर त्याच्या तोंडून देवाचे नाव निघते ते सुटकेचा निःश्वास म्हणून. त्यात श्रेयाची वाटणी करण्याचा विचार बहुधा नसतोच. तरीही 'निमित्तमात्र' हा शब्द मलाही खटकला. गीतेच्या अकराव्या अध्यायात तो अर्जुनाला उद्देशून आला आहे, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष धनुष्य उचलायचे होते त्याला. दुसऱ्याने केलेल्या कामाचे मोल ठरवण्यासाठी नव्हे. अठराव्या अध्यायात तर कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधने), चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि दैव. दैव त्यात पाचवे आहे, एकटे नाही.

जुनी पाने:
सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे म्हणत असे की, मी मलमपट्टी केली, बरे देवाने केले. हे ऐकून तो हात जोडून स्वस्थ बसणारा असावा असे वाटेल, पण गोष्ट उलटी आहे. बंदुकीच्या जखमांवर उकळते तेल ओतण्याची तेव्हा रीत होती. एका लढाईत तेल संपले, तेव्हा त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले, आणि त्या काळजीने त्याला रात्रभर झोप लागली नाही. पहाटेच उठून पाहतो तो मलम लावलेले सैनिक शांत झोपले होते, तर तेल ओतलेले तापाने आणि सुजेने तळमळत होते. हे सारे त्याने तपशीलवार लिहून ठेवले, म्हणून ते पुढच्यांच्या उपयोगी पडले. देवाचे नाव त्याने घेतले ते स्वतःच्या हातांबद्दल बोलताना, आणि मला ते शोभून दिसते.

तळटीप:
मला यातला व्यावहारिक तोटा अधिक जाणवतो. 15 जानेवारी 2009 रोजी पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर उतरले आणि सर्व 155 जण वाचले. जगाने त्याला चमत्कार म्हटले. प्रत्यक्षात, विमानतळ गाठता येणार नाही हे वैमानिकाने वेळीच ओळखले होते, सहवैमानिक इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या सूचना वाचत होता, केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना बाहेर काढले आणि जवळच्या फेरीबोटी काही मिनिटांत तिथे पोहोचल्या. चमत्कार म्हणून विषय संपवला, तर यातले पुढच्या वेळी काय जपायचे हे कळणार कसे? तुमच्या अकरा रात्रींबद्दलही मी हेच विचारेन.

रात्रपाळी:
सर्वांचे आभार. अनुस्वार यांचे बाकावरच्या माणसाबद्दलचे म्हणणे पटले. आई आजारी असताना मीही तशाच बाकावर बसले होते आणि तिथल्या एकाही परिचारिकेचे नाव मला आज आठवत नाही. मात्र दगावलेल्या रुग्णाच्या वेळचा प्रश्न तसाच राहतो. त्या रात्रीच्या दोन वाजताच्या नोंदीखाली माझी सही आहे, आणि वाचलेल्या रुग्णाच्या अकराही दिवसांच्या कागदांवर ती तितक्याच वेळा आहे. ते कागद मात्र कोणी मागितले नाहीत.