स्टँडअपमध्ये टीम फक्त माझ्याशीच बोलते. काय करावं?

सिंहगड_रोडवाली

नमस्कार मंडळी. खराडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत आहे. आधी सीनियर डेव्हलपर होते, एप्रिलपासून टीम लीडही मी आणि स्क्रम मास्टरही मीच, म्हणजे स्क्रम या कामाच्या पद्धतीप्रमाणे टीम चालते की नाही ते बघणारी. माझ्याशिवाय सहा डेव्हलपर, दोन टेस्टर. क्लायंट म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक विमा कंपनी. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी हवं ते ठरवणारा, तिकडेच बसतो, म्हणून रोजचा स्टँडअप (कोणाचं काय चाललंय ते सांगायची छोटी बैठक) आपल्या संध्याकाळी साडेसहाला, त्याच्या सकाळी नऊला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात होणार, ती बोंब अजून उठायची आहे.

पंधरा मिनिटांचा स्टँडअप पाऊण तास चालतो. एकेक जण "मॅम, काल अमुक केलं, आज तमुक करणार, नो ब्लॉकर्स (काही अडलेलं नाही)" म्हणतो आणि म्यूट होतो. बाकीचे काय ऐकत असतील देव जाणे. निम्मे तर कॅबमधूनच जॉइन होतात. परवा मुंढवा चौकात कुणाच्या तरी ड्रायव्हरचं रिक्षावाल्याशी वाजलं, ते क्लायंटसकट सगळ्यांनी ऐकलं.

एवढं होऊनही हाती काही लागत नाही. एक मुलगा रोज "नो ब्लॉकर्स" म्हणत होता आणि स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला पंधरवडा, संपायला आला तेव्हा कळलं की त्याला टेस्ट डेटाबेसचा अ‍ॅक्सेसच मिळालेला नाही. "बोलला का नाहीस?" विचारलं तर म्हणे, "तुम्ही बिझी होतात मॅम." रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट कसा गेला ते बघायच्या बैठकीत, सगळे "टीमवर्क छान होतं" लिहून मोकळे.

त्यात भर म्हणजे आमच्या डिलिव्हरी मॅनेजरनी दोन टीमच्या व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम संपलं त्याचा) तक्ता मेलवर टाकला. शेजारच्या टीमची ६२, आमची ३८. खाली एकच ओळ: "गॅप का आहे?" तेव्हापासून ज्या स्टोरीला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, आम्ही मेहनतीच्या अंदाजाने ३ पॉइंट द्यायचो तिला ५ पडायला लागलेत. या स्प्रिंटला आम्ही आरामात पन्नाशी गाठू, काम तेवढंच.

माझ्याआधीचे लीड सगळी कामं स्वतः वाटून द्यायचे आणि कामं व्हायचीही. आता "टीम स्वतः ठरवेल" म्हणून सोडलं तर अवघड कार्ड, म्हणजे कामांच्या बोर्डवरचं एक काम, कोणी उचलतच नाही, ते प्रत्येक स्प्रिंटमध्ये पुढे ढकललं जातं. मीही वाटून द्यायला लागू का? सर्टिफिकेशनच्या कोर्समध्ये उदाहरणं होती ती सगळी बोलक्या टीमची.

बाणेरकर

वाटून द्या. सेल्फ मॅनेजिंग वगैरे चार-पाच वर्षं मुरलेल्या टीमला शोभतं. तुमच्याकडे दोन-अडीच वर्षं अनुभवाची पोरं असणार. सोमवारी नावानिशी कामं द्या, बुधवारी विचारा, शुक्रवारी दाखवायला सांगा. क्लायंट पैसे डिलिव्हरीचे देतो, तुमच्या स्टँडअपमध्ये कोण कोणाशी बोललं याचे नाही.

जुना_टेस्टर

ताई, आधी एक सांगा. या आठ जणांचं अप्रेझल कोण लिहितं?

सिंहगड_रोडवाली

पहिला ड्राफ्ट मी लिहिते. मॅनेजर त्यात थोडंफार इकडचं तिकडे करतात. का?

जुना_टेस्टर

मग ते तुमच्याशीच बोलणार, दुसऱ्या कोणाशी बोलतील? जिच्या हातात रेटिंग आहे तिने "काल काय केलंस" विचारलं की माणूस काम सांगत नाही, आपण रिकामे बसलो नव्हतो हे सांगतो. गुरुजी हजेरी घेत असताना पोरं आपापला नंबर यायची वाट बघतात, शेजारच्याचा नंबर कशाला ऐकतील? पोरं बोलकी करायच्या नादी लागू नका. आपापसात ती भरपूर बोलत असतात, खाली चहाच्या टपरीवर जाऊन बघा. अडथळ्याची खरी बातमी तिथे आदल्या दिवशीच फुटलेली असते.

मी बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, नंतर टीम सांभाळल्या, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो.

संध्याकाळचा कॉल आणि टीमचा स्टँडअप वेगळे करा. टीमचा सकाळी अकराला, सगळे जागेवर आल्यावर. त्यात क्लायंट नाही. स्क्रम गाइड, म्हणजे या पद्धतीचं अधिकृत नियमपुस्तक, उघडून बघा, पंधरा पानांच्या आतलं प्रकरण आहे. डेली स्क्रम, म्हणजे हाच स्टँडअप, ही डेव्हलपर्सची बैठक आहे असं त्यात स्वच्छ लिहिलंय. काल काय, आज काय, अडचण काय हे तीन प्रश्न तर २०२० च्या आवृत्तीत काढूनच टाकले, बैठक कशी घ्यायची ते टीमवर सोडलं. आपल्याकडे मात्र ते अजून आरतीसारखे म्हटले जातात. प्रॉडक्ट ओनरला आठवड्यातून दोनदा संध्याकाळी भेटा, तेही दोघं-तिघंच. बाकीच्यांना घरी जाऊ द्या. सिंहगड रोडवर राहून खराडीला जाता, म्हणजे साडेसहानंतर निघालं की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

अकराच्या बैठकीत माणसाला विचारू नका, कार्डाला विचारा. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा. जे संपत आलंय ते आधी. "हे कार्ड टेस्टिंगमध्ये का अडकलंय?" असं विचारलं की उत्तर द्यायला दोन-तीन जणांना तोंड उघडावंच लागतं आणि ते एकमेकांशी बोलतात. पहिले काही दिवस सगळे तुमच्याकडेच बघतील. बघू द्या. तुम्ही बोर्डाकडे बघा.

आता बाणेरकरांच्या वाटून देण्याबद्दल. वाटून दिलं की प्रत्येकाचं आपापलं एक कार्ड होतं आणि सगळी कार्डं एकदम सुरू होतात. तुमच्या बोर्डवर आत्ता मधल्या रकान्यांत (सुरू, पण न संपलेली) किती आहेत, मोजा. जॉन लिटल नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये रांगांचा एक नियम सिद्ध केला, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो: हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. चौदा कार्डं सुरू आणि आठवड्याला सात संपतात, तर प्रत्येक कार्ड सरासरी दोन आठवडे लोंबकळणार. संपण्याचा वेग तोच ठेवून सुरू कार्डं सातवर आणा, एक आठवडा. कोणी जास्त वेळ बसलं नाही, कोणाला ओरडावं लागलं नाही.

यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो टेस्टर. शेवटच्या दोन दिवसांत सहा डेव्हलपरांची कामं दोन टेस्टरांच्या अंगावर येतात आणि सोमवारी मेल येतो की क्यूएमुळे (टेस्टरांमुळे) स्पिल ओव्हर झालं, काम पुढच्या स्प्रिंटवर गेलं. हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता हसू येतं. म्हणून टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी तीनच कार्डं अशी मर्यादा घाला. रकाना भरलेला असेल तर डेव्हलपरने नवं काम उचलायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. "आम्ही टेस्टिंग करायचं?" असा सूर निघेल. निघू द्या.

अप्रेझल तुमच्याकडून काढून घेतलं तर उत्तमच, पण ते होणार नाही हे मलाही कळतं. मग निदान सगळ्यांसमोर सांगा की बैठकीत "अडलोय" म्हटल्याची नोंद अप्रेझलमध्ये होणार नाही, आणि अडलोय हे लपवल्याची होईल. सांगून अर्थातच कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिला जो धीर करून बोलेल त्याचं काम तुम्ही दुपारपर्यंत सोडवून दिलंत, अ‍ॅक्सेसच्या तिकिटामागे (आयटीकडे नोंदवलेल्या मागणीमागे) स्वतः उभ्या राहिलात, की आठही जण ते बघतात. त्याच बैठकीत "हे आधी का नाही सांगितलंस" एवढं जरी तोंडून गेलं, तर पुढचे सहा महिने नो ब्लॉकर्स.

आणि प्लॅनिंगला बसताना कालनिर्णय शेजारी ठेवा. पालख्या पुण्यातून निघतात त्या दिवशी हडपसरचा रस्ता बंद, गौरी-गणपतीत निम्मी टीम गावाला, आणि आपला स्प्रिंट मात्र दहाच्या दहा दिवस कामाचे धरून आखलेला. क्लायंटच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्या तेवढ्या सगळ्यांना पाठ.

मुक्काम_वाकड

मी त्या डेटाबेस अ‍ॅक्सेसवाल्या मुलाच्या जागचाच. कंपनी दुसरी, अनुभव दोन वर्षं. का बोलत नाही ते सांगतो.

एक म्हणजे क्लायंट कॉलवर असतो. आमची तालुक्याच्या गावची मराठी शाळा. इंग्रजी लिहिता येतं, पण गोऱ्या माणसासमोर "अडकलोय" हे नीट समजावून सांगायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि तोवर पुढच्याचं नाव घेतलेलं असतं. "नो ब्लॉकर्स" दोन शब्दांत संपतं.

दुसरं, अ‍ॅक्सेसचं तिकीट आयटी सपोर्टकडे टाकलेलं असतं. आपल्या लेखी ते काम "प्रोसेसमध्ये" असतं. ब्लॉकर म्हटलं तर आपणच तक्रार केल्यासारखं वाटतं, आणि उद्या त्याच सपोर्टवाल्याकडे लॅपटॉप घेऊन जायचं असतं.

तिसरं म्हणजे एकदा विचारलं होतं. सीनियर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे गूगल केलंस का आधी?" बस.

आमच्याकडे क्लायंटशिवायची बैठक हिंदी-मराठी खिचडीत होते आणि तिथे मी बोलतो. जुना_टेस्टर काकांचं अकरा वाजताचं म्हणणं त्यामुळे शंभर टक्के पटलं.

बाणेरकर

काका, कार्डांच्या मर्यादेचं मान्य. पण मॅनेजरच्या तक्त्याचं काय, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी स्वतः तसे तक्ते पाठवलेले आहेत, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. त्या मॅनेजरला त्याच्या वरचा दर महिन्याला एक आकडा मागतो. त्याच्याकडे तेवढाच आकडा असतो, म्हणून तो तोच पाठवतो. त्याला स्क्रम समजावत बसू नका. व्हेलॉसिटीची तुलना चुकीची आहे असं मेलवर सगळ्यांना सीसी करून लिहिलंत तर संपलंच, त्याला तीच धरून बसावी लागेल. आधी दुसरा आकडा हातात द्या.

जुना_टेस्टर

बाणेरकर, हे लाख बोललात. पॉइंट हे त्या टीमने त्या टीमपुरते ठरवलेले असतात. तेच लॉगिन पान इकडे ३ आणि तिकडे ८ असू शकतं, दोघंही बरोबर. ६२ आणि ३८ ची वजाबाकी करण्यात अर्थच नाही. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट नाहीत, व्हेलॉसिटीही नाही, हे सांगितलं की भलेभले सर्टिफिकेटवाले चमकतात. २००१ मध्ये स्क्रमसारख्या पद्धतींची तत्त्वं मांडणाऱ्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सतरा जणांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी तर लिहून ठेवलंय की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले आणि आता त्याचं वाईट वाटतं. पण यातलं एक अक्षरही मॅनेजरसमोर काढू नका. विद्वत्ता दिसेल, काम होणार नाही.

त्यांना सायकल टाइम द्या. काम हातात घेतल्यापासून प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जाईपर्यंत किती दिवस. दिवस सगळ्यांना कळतात, क्लायंटलाही कळतात, आणि ते फुगवून कोणाचा फायदा होत नाही. कामाचे तुकडे बारीक करून तो आकडा खाली दाखवता येतो, पण ती लबाडी केली तरी भलंच होतं. मेल नको, केबिनमध्ये जाऊन दाखवा, आणि पुढचा तक्ता निघायच्या आधी.

सिंहगड_रोडवाली

सगळ्यांचे आभार. मुक्काम_वाकड, तुझा प्रतिसाद वाचून अ‍ॅक्सेसचं तिकीट आज मी स्वतः एस्कलेट करून वरपर्यंत नेलं.

अकराची बैठक सोमवारपासून. प्रॉडक्ट ओनर आठवड्यातून दोनदा भेटायला लगेच तयार झाला, उलट रोजच्या कॉलला तोच कंटाळला होता म्हणे. दोन शंका राहिल्या. अवघड कार्ड कोणीच उचलत नाही त्याचं काय? आणि सायकल टाइम जिरा या आमच्या बोर्डच्या सॉफ्टवेअरमधून निघतो की एक्सेल करत बसायचं?

जुना_टेस्टर

अवघड कार्ड एकट्याच्या नावावर टाकलं की ते नापास व्हायचं आमंत्रण वाटतं, म्हणून हात वर होत नाही. दोघांना मिळून द्या, एक जुना, एक नवा. आणि प्लॅनिंगमध्ये ते सगळ्यात आधी घ्या, लोक ताजे असताना. स्प्रिंटचं ध्येय म्हणून तेच एक ठेवा: "या पंधरवड्यात क्लेमची फाइल अपलोड व्हायला लागली पाहिजे." बाकीची कार्डं राहिली तर राहिली. सध्या तुमच्या स्प्रिंटचं ध्येय बहुधा "सगळी कार्डं संपवणे" असणार, त्यात सोप्याला हात घालणं हाच शहाणपणा ठरतो. हे करूनही कोणी उचललं नाही तर एकदा बाणेरकरांचं ऐका आणि नाव घेऊन द्या, काही पाप लागत नाही.

जिरात कंट्रोल चार्ट नावाचा रिपोर्ट आहे, त्यात निघतो. पण कार्ड ज्या दिवशी सरकलं त्याच दिवशी बोर्डवर सरकवलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी सगळे एकदम सरकवत असतील तर तो चार्ट काहीही दाखवेल. त्यामुळे पहिला महिना साध्या कागदावर लिहा. कार्डाचं नाव, सुरू तारीख, प्रॉडक्शन तारीख. रोज अकराला, त्या दोघा टेस्टरांपैकी एकाला लिहायला सांगा. कार्ड कुठे किती दिवस पडून होतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.