वॉचमन मामांचा पगार अन् पीएफ : सोसायटीच्या ग्रुपवर

कुलकर्णी काकू (बी-३०२): मामा आज पण गेटबाहेर कट्ट्यावर बसलेत. एजन्सी बदलून बारा दिवस झाले, मागच्या महिन्याचा पगार नाही. येणारे-जाणारे विचारायलेत. कमिटी काही बोलणार का?

सचिव (ए-१०१): काकू नमस्कार. मामा सोसायटीचे कर्मचारी नव्हतेच, जुन्या एजन्सीचे होते. आपण एजन्सीला पैसे देतो. पुढचं ते बघतील.

जाधव (सी-२०४): नवीन एजन्सीचं बिल किती? मेंटेनन्स वाढणार का?

सोनवणे मॅडम (बी-१०४): सचिव साहेब, एवढ्यावर सुटका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. माणूस कामावरून कमी केला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार चुकता व्हायला पाहिजे. ठेकेदाराने दिला नाही तर जिथे काम झालं त्या जागेच्या मालकावर पगाराची जबाबदारी येते. इथे ती जागा आपली.

सचिव: मॅडम, दरवेळी कायदा दाखवून कमिटीला घाबरवणं बरं नाही. लिफ्टच्या वेळी पण हेच केलंत.

सोनवणे मॅडम: लिफ्टचं नंतर बोलू. बारा दिवस पगाराशिवाय घर कसं चालत असेल, ते आधी बघा.

शिंदे (ए-४०३): खजिनदार साहेब, जुन्या एजन्सीच्या बिलाचे आकडे टाका.

खजिनदार: एका गार्डमागे पगार १२,०००, पीएफ १३ टक्के म्हणजे १,५६०, ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, ३.२५ टक्के म्हणजे ३९०. वर सर्व्हिस चार्ज. असे तीन गार्ड.

शिंदे: म्हणजे पीएफ-ईएसआयच्या नावाखाली दर महिन्याला ५,८५० रुपये आपण मोजलेत. मामांच्या पगारातून पीएफचे १,४४० अन् ईएसआयचे ९० कापले ते वेगळेच. काकू, मामांना त्यांच्या नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायला सांगा. पीएफचा शेवटचा भरणा मेसेजमध्ये येतो.

देशमुख अण्णा (सी-४०१): टँकर आज पण नाही आला. वर थेंबभर पाणी नाही.

गायकवाड (ए-२०२): अण्णा, टँकरचा ग्रुप वेगळा आहे.

देशमुख अण्णा: वेगळा कामून? पाणी सगळ्यांनाच लागतं की.

गायकवाड: ए विंगची टाकी भरली की कोणालाच लागत नाही 😀

कुलकर्णी काकू: मिस्ड कॉल झाला. शेवटचा भरणा १४ महिन्यांपूर्वीचा आहे!

सचिव: असं कसं? एजन्सी दर महिन्याला पीएफ भरल्याचं चलन देत होती, सगळे फाईलला लावलेत.

शिंदे: साहेब, चलनावर एकूण रक्कम असते, नावं नसतात. एजन्सीच्या एका पीएफ कोडवर दहा ठिकाणचे गार्ड असतात, निम्म्यांचे भरले तरी चलन निघतंच. चलनासोबत ईसीआरची, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणाची, नाववार यादी मागायची. तिच्यात प्रत्येकाचा यूएएन (पीएफचा नंबर), पगार अन् भरलेली रक्कम दिसते. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला पाहिजे. यादी आल्याशिवाय बिल पास करायचंच नाही.

जाधव: पण नवीन एजन्सीचं बिल किती ते कोणी सांगेना. मेंटेनन्स वाढणार का?

पाटील (बी-२०१): मामांनी आहे तेवढा पीएफ काढून घ्यावा. विषय संपला.

सोनवणे मॅडम: कृपा करून तसं काही सांगू नका त्यांना! एजन्सीच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. सेवा दहा वर्षं भरली की ५८ नंतर महिन्याची पेन्शन. मामांची त्याआधीच्या दुसऱ्या एका एजन्सीत तीन वर्षं आठ महिने अन् आपल्या या जुन्या एजन्सीत सहा वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे दहा भरतात. आत्ता पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १०सी भरून पैसे उचलले की ती सेवा गेली. आपल्या जुन्या एजन्सीने यूएएन नवीन काढला असेल, तर त्याआधीच्या एजन्सीचं खातं आधी त्यात वर्ग करून घ्यायचं. अन् हे १४ महिने भरले गेले नाहीत तर सेवा साडेआठ वर्षांवर अडकते. म्हणून पीएफ ऑफिसला तक्रार आजच.

पाटील: हे माहीत नव्हतं मॅडम. बरं झालं सांगितलं.

शिंदे: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, पण आहे. पाच वर्षं झाली की हक्क लागतो. १२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले सहा वर्षं, म्हणजे ४१,५३८ रुपये. तीस दिवसांत द्यावी लागते. आधीच्या एजन्सीची वर्षं यात धरता येत नाहीत.

जाधव: हे सगळं ठीक. दोन गार्ड बारा-बारा तासांचे ठेवा, स्वस्त पडेल. नाहीतर मेंटेनन्स वाढणार.

सोनवणे मॅडम: जाधव भाऊ, हिशेब करू. आठ तासांची मजुरी ५०० धरा, तासाला ६२.५०. ओव्हरटाईम दुप्पट, म्हणून वरच्या चार तासांचे आणखी ५००. बारा तासांचा गार्ड १,००० ला पडतो, दोन गार्ड २,०००. आठ तासांचे तीन गार्ड १,५०० मध्ये येतात. बारा तासांचा गार्ड स्वस्त दिसत असेल तर त्याचा ओव्हरटाईम कोणीतरी खाल्लेला असतो.

जाधव: हाव का? मग तीनच ठेवा.

सचिव: मग आता काय, मामांचा पगार सोसायटीने खिशातून द्यायचा? सभेत उत्तर मला द्यावं लागतं.

शिंदे: खिशातून कामून? जुन्या एजन्सीचं शेवटचं बिल दिलंय का?

खजिनदार: नाही. अनामत पण आपल्याकडेच आहे.

शिंदे: मग ते थांबवा. एजन्सीला लेखी पत्र, मुदत सात दिवस. मामांचा पगार बँकेतून दिल्याचा पुरावा, १४ महिन्यांच्या ईसीआर याद्या अन् ग्रॅच्युइटीचं काय ते लेखी मागा. पगाराचं उत्तर नाही आलं तर त्याच बिलातून मामांच्या खात्यात थेट टाका अन् एजन्सीच्या हिशेबातून वळते करा. रोख देऊ नका, उद्या एजन्सी म्हणेल मिळालेच नाहीत.

सोनवणे मॅडम: पीएफची तक्रार ऑनलाईन होते, मामांचा यूएएन अन् पगाराच्या नोंदी दिसणारं बँक पासबुक घेऊन संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. पगाराचा दावा कामगार आयुक्तालयात, मुदत तीन वर्षं. काकू, गेटची हजेरी रजिस्टरं कोणी रद्दीत देऊ नका. मामा रोज ड्युटीवर होते याचा तोच सगळ्यात पक्का पुरावा आहे.

सचिव: रजिस्टरं क्लब हाऊसच्या कपाटात आहेत. किल्ली अण्णांकडे. पत्राचा मसुदा शिंदे भाऊंनी द्यावा, मी सही करतो.

देशमुख अण्णा: किल्ली आत्ता खाली पाठवतो. टँकरवाल्याला पण कोणीतरी फोन लावा.