नवीन बांधायचं थांबवा, आहे ते चालवा की! (बेळगावच्या नळापासून सुरुवात)

टिळकवाडीकर

बजेट जवळ आलं की आपल्याकडं एकच चर्चा: बेळगावला नवीन काय मिळालं? कित्तूरमार्गे धारवाडची रेल्वे कुठवर आली, सांबऱ्याहून आणखी एखादं विमान उडणार का, पुढचा ब्रिज कुठल्या रेल्वे गेटवर. बांधून झालेलं दिवसातले किती तास चालतंय, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पुढची काही वर्षं कोनशिला बसवायच्या थांबवा. तोच पैसा आणि तीच माणसं आहे ते चालवायला लावा.

सुवर्ण विधानसौध बघा. ११ ऑक्टोबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. चारेकशे कोटींची इमारत, हलग्याजवळ हायवेवरून दिमाखात दिसते. विधिमंडळाचं अधिवेशन डिसेंबरात, दहा-बारा दिवसांचं. एरवी झाडलोट, वीज आणि पहारा वर्षभर चालूच. (मराठी माणसाला त्या इमारतीबद्दल काय वाटतं हा वेगळा विषय, तो इथं उकरू नका. मी फक्त वापर मोजतोय.)

उलटं उदाहरणही आपल्याच गावात आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या साधारण दहा टक्के लोकांसाठी चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि २००८पर्यंत तो चालूही झाला. त्यासाठी कुणी नवीन धरण बांधलं नाही. राकसकोप तेच, हिडकल तेच. बदलल्या त्या गल्लीतल्या पाइपा, नळाला मीटर आला, आणि गळती शोधायची जबाबदारी एकाच्या गळ्यात पडली. मग उरलेलं शहर इतकी वर्षं कशाची वाट बघतंय?

जागतिक बँकेनंच १९९४च्या विकास अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांचा हिशोब मांडला होता. दहा वर्षांत १२ अब्ज डॉलर वेळच्या वेळी डागडुजीला घातले असते, तर पुन्हा रस्ते बांधायचे ४५ अब्ज वाचले असते. आपल्या जिल्ह्याचा असा हिशोब कुणी मांडलाय का?

वडगाव_मागवाली

दादा, तुमचा हिशोब टिळकवाडीचा आहे. आमच्या चाळीत एका नळावर तीन चुली. मीटर बसवून जास्त वापराला जास्त दर लावायचा, हे बंगल्यातल्या बागेला ठीक आहे. आमच्याकडं प्रत्येक घर मोजून पाणी वापरतंय, पण तिघांची बेरीज मीटरला एकच घर दिसते आणि दर वरच्या पायरीला जातो. मालक ते बिल आमच्यात वाटून मागणार, पावती नाही की काही नाही.

आणि मीटर आले की पहिल्यांदा काय जातंय? कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ. त्याचं बिल कुणाच्या नावावर निघत नाही, म्हणून कागदावर तीही गळतीच. आमच्या लेखी ते पाणी वाया गेलेलं नव्हे, प्यालेलं आहे.

चोवीस तास पाणी नको असं कोण म्हणेल? पाणी सोडायच्या दिवशी माग बंद ठेवून घरी थांबावं लागतंय, मजुरी बुडते. पण आधी बिलाचं सांगा, मग कार्यक्षमतेचं.

निवृत्त_ओव्हरसियर

मी पाण्याच्या कामात उमेदीची वर्षं घालवली, कुठं ते विचारू नका. दोघांचंही ऐकलं, आता पाइपेचं थोडं ऐका.

चार दिवसांनी एकदा पाणी सोडलं की मधले दिवस पाइप रिकामी. जिथं फट असेल तिथून बाहेरचं आत येतं, आणि जुन्या गल्ल्यांत पाइप आणि गटार शेजारी शेजारीच आहेत. मग व्हॉल्व्ह उघडला की पुढं हवा, मागून पाणी. ती हवा मीटरमधून जाताना मीटर गरागरा फिरतो. पाण्याआधी हवेचंच बिल. त्याच धक्क्यानं सांधे सुटतात. वर घराघरात मोटर थेट नळाला लावलेली. एकानं लावली की शेजाऱ्यालाही लावावीच लागते.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडात दोन्ही प्रकारच्या नळांचं पाणी तपासलं होतं, ते २०१३ला छापून आलं. थांबून थांबून येणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सापडला. चोवीस तासवाल्या नळांत एका टक्क्याहून कमी. तेव्हा हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हे.

गळती कशी शोधतात तेही सांगतो. रात्री दोन ते चार गाव झोपलेलं असतं. त्या वेळी टाकीतून जे पाणी जातं ते बहुतेक गळतीचंच. मग लाइनमन लोखंडी सळीचं एक टोक पाइपेवर टेकवतो, दुसरं कानाला लावतो. फुटलेल्या जागी आवाज सलग येतो, तुटत नाही. कुणाचा नळ चालू असेल तर तो मध्येच बंद होतो. सरावलेला माणूस दोन-चार हातांच्या अंतरात जागा दाखवतो आणि तेवढाच खड्डा काढायचा. पण यासाठी रात्री पाइप भरलेली पाहिजे. चार दिवसांनी पाणी सोडणाऱ्या गावात हे मोजणार कधी? शिवाय सळी कानाला लावणारी माणसं निवृत्त होत गेली आणि जागा तशाच राहिल्या. टेंडरात पंप असतोय, माणूस नसतोय.

हिडकलचं पाणी तुमरगुद्दी, कुंदरगी असे टप्पे घेत उपसून बेळगावातल्या बसवनकोळ्ळला येतं. म्हणजे गळणाऱ्या पाण्यानं आधी वीज खाल्लेली आहे.

खानापूर_घाटमाथा

तुमच्याकडं पाइप गळते, भाग्यवान आहात. आमच्या भीमगडच्या जंगलातल्या गावांना पावसाळ्यात रस्ताच नाही. आमगावला आजारी माणूस खांद्यावर घालून ओढे ओलांडत आणावा लागतो, फोटो तुम्हीही पेपरात बघितले असतील. २०११ला अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून डांबर टाकायचं म्हटलं तरी जंगल खात्याची परवानगी. तळेवाडीच्या लोकांना शेवटी नुकसानभरपाई देऊन बाहेर काढायची वेळ आली. जिथं पूलच नाही तिथं तुमची कार्यक्षमता कशानं भागायची, शून्यानं?

बसचंही तसंच. ११ जून २०२३ पासून बायकांना प्रवास फुकट झाला, ते चांगलंच झालं. आमच्या बाया दवाखान्याला, बाजाराला जायला लागल्या. पण गाड्या त्या मानानं वाढल्या नाहीत. आता डेपोच्या कागदावर ती बस एकदम कार्यक्षम, खचाखच भरलेली! हात दाखवूनही जिच्यासाठी बस थांबली नाही ती कॉलेजची पोरगी कुठल्या रकान्यात मोजताय?

"नवीन बांधायचं थांबवा" हे ज्याचं बांधून झालंय तोच म्हणू शकतो.

येळ्ळूर_शिवार

टिळकवाडीकरांना अर्धा पाठिंबा. बळ्ळारी नाल्यातला गाळ आणि जलपर्णी वेळेवर काढली तर येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ शिवारातलं भात पाण्याखाली कुजणार नाही. दरवर्षी पाऊस पडून गेला की पाहणीला गाड्या येतात, चिखल बघतात आणि जातात. त्याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास मात्र काढायचाच! पिकाऊ जमीन, त्यात बेळगावी बासमतीचं शेत. आम्ही कोर्टात गेलो, मोजणीला आडवे झालो. नाला साफ करायला भूसंपादन लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला त्यात रस नाही.

हायवे_४८

बायपास नसेल तर सगळे ट्रक गावातून जाऊ देत काय? शेतकऱ्याचं दुःख कळतंय, पण गोव्याला जाणारी जड वाहनं शहरात शिरून वाट लागलीय. आणि डागडुजीला फीत कापता येत नाही ओ, हे खरं कारण. बाकी सगळं तत्त्वज्ञान.

टिळकवाडीकर

खानापूरकर, पूल हवाच, त्यावर वाद नाही. पण त्या पुलाचा पैसा कुठून येणार? जो पैसा पाण्याबरोबर गटारात जातोय, जी इमारत वर्षातले अकरा महिने राखली जातेय, एकदा केलेला रस्ता पाइपेसाठी पुन्हा फोडला जातोय, तिथूनच ना? आमच्या गल्लीत रस्ता झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो पाइपेसाठी उकरला. दोन्ही कामांचे फलक एकाच खांबाला लटकत होते. ठेकेदार वेगळे, खातं वेगळं, कुणी कुणाला विचारलं नाही. हे थांबवायला पैसा लागत नाही.

बसचा मुद्दा मात्र मला पटतोय. भरलेली गाडी मोजून काही कळत नाही, स्टॉपवर राहिलेली माणसं मोजायला पाहिजेत. पाण्याचंही तसंच मोजा. किती कोटी लिटर उपसलं ते नको, शेवटच्या घरात दाबानं किती तास आलं ते सांगा.

शहापूरकर

एक साधी गोष्ट राहिली. गळती पहिल्यांदा दिसते ती गल्लीतल्या म्हातारीला. ती सांगणार कुणाला, कुठल्या भाषेत? बिल कन्नडात, तक्रारीचा अर्ज कन्नडात, फोनवरचा माणूसही कन्नड सोडून बोलायला तयार नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे, असं कित्येक दशकांपूर्वी ठरलंय. ते पाळलं असतं तर फुकटचे गळतीशोधक दर गल्लीत मिळाले असते. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तो त्याच्या वेळेनं सुटू दे. अर्ज दोन भाषांत छापायला कोर्ट लागत नाही.

हायवे_४८

आला, मूळ पदावर आला! धागा पाण्याचा होता.

शहापूरकर

पाण्याचाच आहे. तक्रार पोचली नाही तर तुमची सळी कुठल्या गल्लीत लावणार, सांगा की.

निवृत्त_ओव्हरसियर

शहापूरकर बरोबर बोलतायत. निम्म्या गळती आम्हाला लोकांनीच दाखवल्या.

मागवाल्या ताई, तुमच्यासाठी एक. हुबळी-धारवाडचाच दुसरा अभ्यास २०१५ला आला, पाच वर्षांखालच्या मुलांच्या आजारपणाचा. सगळी घरं मिळून चोवीस तास पाण्यानं जुलाबात ठळक फरक दिसला नाही. गरीब घरांत मात्र ते कमी झाल्याची चिन्हं होती, आणि रक्ती आव तर एकंदरीतच कमी दिसली.

वडगाव_मागवाली

म्हणजे फायदा आमच्यासारख्यांनाच जास्त, मग दर आमच्यासाठीच वरच्या पायरीचा का? एका मीटरवर तीन चुली असल्या तर वापर आधी तिघांत भागायचा आणि मग दर लावायचा. एवढं तरी करता येतंय का काका?

निवृत्त_ओव्हरसियर

करता येतं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुटुंबसंख्येचा एक रकाना लागेल, बस्स. घरमालकानं भाडोत्री लिहून द्यायला पाहिजेत.

वडगाव_मागवाली

तो देणार नाही. भाडोत्री दाखवले की घरपट्टी वाढेल म्हणून भितोय.

टिळकवाडीकर

मग मालकाला विचारायचंच कशाला? रेशन कार्डावरून काढा. एका पत्त्यावर किती कार्डं तेवढ्या चुली.

वडगाव_मागवाली

आमच्या चाळीतल्या दोघांची कार्डं अजून गावाकडच्या पत्त्यावर आहेत दादा. बदलून घ्यायला गेलं की भाडेकराराचा कागद मागतात, आणि तो मालक देत नाही.