घोडी पुढच्या पायानं लंगडते, एक्स-रे स्वच्छ. सोनोग्राफी करावी का?

कागलचा_स्वार
मारवाडी घोडी, वय सात, टेंट पेगिंगला (पळत्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ) पळवतो. सरावानंतर डाव्या पुढच्या पायानं लंगडायला लागली. गुडघ्याखाली मागच्या बाजूला सूज, हाताला गरम, दाबलं की पाय उचलते. नालबंदानं नाल काढून बघितला, खुरात काही नाही. आता डॉक्टर म्हणतात सोनोग्राफी. म्हशीची गाभण बघतात तेच मशीन चालतं का? शेजारचे दाजी म्हणतात डाग द्या, मोकळं व्हा.

करवीरचा_जनावरांचा_डॉक्टर
दाजींना चहा पाजा, डाग देऊ नका. भाजल्यानं शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारा दोर, म्हणजे टेंडन) जुळत नाही, वर कातडी जाड होऊन तपासणीला त्रास.

एक्स-रेत हाड दिसतं, शीर नाही. तुम्ही सांगताय ती जागा सुपरफिशियल फ्लेक्सर टेंडनची, म्हणजे पायामागच्या कातडीलगतच्या शिरेची वाटते. पळत्या घोड्यात ही शीर फार वेळा जाते. सोनोग्राफीत चांगली शीर भरीव पांढरट दिसते, तंतू तुटले तिथं मधेच काळा डाग. तो किती रुंद, किती लांब, हे मोजूनच विश्रांती ठरते.

म्हशीच्या मशीनचा सरळ प्रोब (अंगाला टेकवायचा भाग) ७.५ मेगाहर्ट्झ किंवा वर जात असेल तर भागतं. केस भादरा, जेल सढळ लावा. घोडी त्या पायावर भार देऊन उभी पाहिजे. पाय ढिला सोडला की चांगली शीरही काळी दिसते. दुसरा पायही बघायला लावा. आणि घाई नको, दुखल्यापासून आठवडाभरानं करा. सुरुवातीला जखम वाढत असते, खरी दिसत नाही. तोवर थंड पाणी, बँडेज, तबेल्यातच उभी.

(सूज नसती तर आधी नस बधिर करून जागा शोधली असती. खुराच्या आतलं सोनोग्राफीला फारसं दिसत नाही.)

शिरोळकर
शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या हायवेलाच आहे. आधी फोन करून सोनोग्राफी होते का विचारा, मगच टेंपो भरा. लंगड्या घोडीला वळणावर तोल सावरत उभं राहणं लई जड जातं.

कागलचा_स्वार
केस भादरले तर दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात कशी न्यायची ओ?

करवीरचा_जनावरांचा_डॉक्टर
केस येतील, पण शीर फाटली असेल तर यंदाचा दसरा विसरा. नऊ ते बारा महिने धरून चाला. सूज त्याच्या कितीतरी आधी उतरते, घोडी दुडकीत सरळ पडते, मालक खूश होऊन पळवतो आणि तीच शीर परत जाते. नुसत्या चालीवरून दुडकी, दुडकीवरून चौखूर, प्रत्येक वेळी आधी स्कॅन. पहिले फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ताडून कशाशी बघणार?