शब्दचर्चा: वाळू 'मऊ' पडते की 'सैल'?

दादरहून:
डिप्लोमाच्या मुलांसाठी माती-चाचण्यांची मराठी टिपणं काढतेय. 'शिअर'ला, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकण्याला, 'कर्तन' रुळलेला आहे, तिथे प्रश्न नाही. अडलंय 'सॉफ्टनिंग'पाशी. घट्ट वाळूचा सरकण्याला होणारा विरोध शिखर गाठून उतरतो, त्याला 'मऊ पडणे' म्हणावं का? आणि 'फेल्युअर'ला 'भंग' चालेल?

अंधेरीहून:
ताई, 'मऊ' नकोच. माती-प्रयोगशाळेत ही कर्तन-चाचणी रोज माझ्या हाताखालून जाते. 60 मिमी चौरस पेटी, आडवी दोन भागांत; वरून वजन द्यायचं आणि एक भाग दुसऱ्यावरून सावकाश सरकवायचा. वाळू ठासून भरलेली असेल तर सरकवायला लागणारा जोर मोजणाऱ्या प्रूव्हिंग रिंगचा काटा भराभर चढतो, आणि उभा डायल गेज (वर-खाली हालचाल मोजणारा) दाखवतो की वरचं वजन चक्क उचललं जातंय! एकमेकांत रुतलेले कण शेजाऱ्यावर चढल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाहीत, म्हणून वाळू फुगते. जुहूला पाणी नुकतंच ओसरलेल्या वाळूवर पाय दाबून बघा, पावलाभोवती ती क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते. वाढलेल्या पोकळीत पाणी आत ओढलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्येच हे मांडलंय. शिखरानंतर काटा उतरतो आणि एका पातळीला ठरतो. कण मात्र होते तेवढेच टणक असतात, सुटलेली असते ती गुंफण. म्हणून 'सैल पडणे'.

ठाण्याहून:
सहमत, पण हे घट्ट वाळूपुरतंच. भुसभुशीत वाळूला असं शिखर नसतं. ती सरकताना दबत, घट्ट होत जाते आणि वजन तेवढंच असेल तर शेवटी साधारण त्याच पातळीला येते. टिपणात दोन्ही आलेख शेजारी हवेत.
'भंग' मला पटत नाही. काँक्रीटचा ठोकळा भंगतो, वाळू मुळातच सुटी. 'तोल ढळला', 'पाया ढळला' म्हणतो तसं 'वाळू ढळली' म्हणू या.

दादरहून:
'सैल पडणे' घेतला. 'ढळणे'ही आवडला. भूकंपात वाळू पातळ होते तेही ढळणंच का?

अंधेरीहून:
नाही, त्याला 'द्रवीभवन'च ठेवा. पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू हादऱ्याने दबू पाहते, पाण्याला निसटायला सवड मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड जाते. 1964 मध्ये जपानच्या निगाता शहरात यामुळेच चार-चार मजली इमारती न मोडता अख्ख्या कलंडल्या. तिथे ढळल्या त्या इमारती, वाळूचं द्रवीभवन झालं होतं.